आजारी मुलाला घरच्या पैशाची खरी स्थिती सांगावी का?

अबोली

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर आहे, अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक. वय २०. सुरुवातीचे जड केमोचे महिने पार पडले, आजार आटोक्यात आहे आणि आता मेन्टेनन्स सुरू झालंय. म्हणजे रोज गोळ्या, ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी, मधूनमधून पाठीच्या कण्यातून इंजेक्शन. या आजाराचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात, त्यामुळे अजून बराच पल्ला बाकी आहे. उपचारांबद्दल मला काही विचारायचं नाही. डॉक्टर चांगले आहेत, सगळं नीट समजावतात. प्रश्न पैशाचा आहे, पण पैसे कुठून आणायचे एवढाच नाही.

आमच्या घरात त्याच्यासमोर पैशाचा विषय निघत नाही. असं कोणी बसून ठरवलं नव्हतं, पण पहिल्या दिवसापासून हेच चाललंय. तो खोलीत आला की आई-बाबा बोलणं थांबवतात. बिलं माझ्या कपाटात असतात. कर्जवाल्यांचा फोन आला की बाबा जिन्यात जाऊन बोलतात. त्याने काही विचारलं तर एकच उत्तर, "तू फक्त बरा हो, बाकीचं आम्ही बघतो."

पण तो काही कुक्कुलं बाळ नाही. आईने नोकरी सोडली हे त्याला दिसतं. बाबांची पगारी रजा संपून बिनपगारी सुरू झाली हे कळतं. गेल्या आठवड्यात रक्त द्यायला निघताना त्याने मला विचारलं, "ताई, ही तपासणी एक खेप नाही केली तर चालेल ना?" सुईचं त्याला आता काही वाटत नाही. त्यामुळे प्रश्न सुईचा नव्हता, हे मला लगेच कळलं.

मी खर्चाची वही ठेवते. लोकांना वाटतं कॅन्सरचा खर्च म्हणजे हॉस्पिटलचं बिल. आमच्या वहीत बिलाचा रकाना एक आणि बाकीचे त्याहून जास्त. प्रवास, हॉस्पिटलजवळची भाड्याची खोली, ताप आला म्हणून अचानक करावी लागलेली भरती, पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं, त्याची भरून वाया गेलेली वर्षाची फी, शिक्षणकर्ज. आणि सगळ्यात मोठा रकाना जो वहीत लिहिताच येत नाही तो : जे पगार यायचे ते आता येत नाहीत.

मला वाटतं त्याला सगळं सांगावं. आई म्हणते, त्याच्यावर आजाराचं ओझं काय कमी आहे? ज्यांनी या वयात स्वतः उपचार घेतलेत त्यांना विचारायचंय. तुम्हाला घरच्यांनी सांगितलं होतं का? सांगितलं तेव्हा कसं वाटलं? नुसतं "धीर धरा" कृपया लिहू नका, तो धरलेलाच आहे.

पायवाट

अबोलीताई, मी २३ व्या वर्षी हॉजकिन्स लिम्फोमाचे, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचे उपचार घेतले. आता बरी आहे. आमच्या घरीही हेच वाक्य होतं, "बाकीचं आम्ही बघतो."

जे लपवलं जातं ते कळतंच, फक्त अर्धवट कळतं. माझ्या बाबतीत तसंच झालं. आकडा माहीत नव्हता म्हणून मी मनाने आकडा धरायचे, आणि मनातला आकडा नेहमी खऱ्यापेक्षा मोठा असायचा. घर विकायला काढलंय असं मी बरेच महिने धरून चालले होते. तसं काही नव्हतं, पण विचारायची सोय नव्हती.

मग माझ्या परीने मी बचत सुरू केली. मळमळीच्या गोळ्यांची पट्टी उशीखाली असायची. केमोनंतर तिसऱ्या दिवशी पोटात ढवळायला लागलं की मी गोळी हातात घ्यायचे, पट्टीतल्या उरलेल्या मोजायचे आणि परत ठेवून द्यायचे. पट्टी संपली नाही तर नवी आणावी लागणार नाही, एवढाच हिशेब. दातांच्या डॉक्टरांकडे जायचं टाळलं. डोकं दुखतं हे सांगितलं नाही, कारण सांगितलं की स्कॅन लिहून देतील. घरच्यांना वाटायचं की पोरगी फार सोशीक आहे.

तुमच्या भावाचा तपासणीचा प्रश्न वाचून मला ती पट्टी आठवली. तो आधीच हिशेब करतोय. त्याच्या हातात खरे आकडे द्या, नाहीतर तो खोट्या आकड्यांवर हिशेब करेल.

रातराणी

मी वेगळं मत मांडते, राग मानू नका.

माझ्या मुलीला १३ व्या वर्षी ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर झाला. गुडघ्याजवळचं हाड काढून आत कृत्रिम सांधा बसवला. त्या वयात तिला पाय जाईल का याची भीती होती, शाळा सुटली होती, केस गेले होते. तिला आम्ही कर्जाचं सांगायला हवं होतं? मला नाही पटत. आईबाप कशासाठी असतात मग? काही गोष्टी आपल्या खांद्यावरच राहू द्याव्यात. तिला आम्ही काही सांगितलं नाही आणि मला त्यात आजही काही वावगं वाटत नाही.

तुमचा भाऊ मोठा आहे हे मान्य. पण आजारपणात २० वर्षांचा मुलगासुद्धा लहान होतो. तुमच्या आईचं म्हणणं सहज बाजूला सारू नका एवढंच.

नीलकमळ

कॅन्सर वॉर्डात परिचारिका आहे. एकच मुद्दा मांडते, पण तो सगळ्यांनी वाचावा असं फार वाटतं.

केमो चालू असताना पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात. त्या काळात ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर ताप गेला की थांबायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं. पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं असा आमचा प्रयत्न असतो, कारण जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. हे सगळ्या घरांना आम्ही सांगतो, छापील कागद देतो.

तरी ताप लपवणारी मुलं मी पाहिली आहेत. लहान नव्हे, १७ ते २५ मधली. थर्मामीटर स्वतःच लावतात, आकडा बघतात, झटकून ठेवतात. सकाळी आई अंगाला हात लावते तेव्हा अंग भाजत असतं. विचारलं की आधी काहीच बोलत नाहीत. नंतर रात्री ड्यूटीवर मी एकटी असते तेव्हा सांगतात, "सिस्टर, मागच्या वेळी तापाने भरती झालो तेव्हा बाबांनी कुणाकडून तरी उसने घेतले होते."

रातराणीताई, तुमच्या भावना समजतात. पण न सांगण्याने ओझं उतरत नाही आणि कधी कधी ते असं जिवावर बेतणारं होतं. मुलाला बाकी काही सांगा न सांगा, एक वाक्य मात्र स्पष्ट हवं : तापासाठी आणि औषधासाठी पैसे बाजूला ठेवलेले आहेत, त्याचा विचार तू करायचा नाहीस.

देवचाफा

नीलकमळ +१. हे वाक्य आम्ही कागदावर लिहून थर्मामीटरच्या डबीत ठेवलं होतं.

ओंजळ

मी हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय समाजसेविका आहे. मोठा प्रतिसाद होईल, सांभाळून घ्या.

आधी हे की असं होणारं तुमचंच घर नाही. कॅन्सरच्या अभ्यासकांनी आर्थिक ताणाकडे उपचारांचा दुष्परिणाम म्हणूनच बघायला सुरुवात केली आहे, उलटी आणि अशक्तपणाच्या रांगेत. २०१४ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी तो मोजण्यासाठी ११ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. रुग्णाने प्रत्येक विधानापुढे आपली स्थिती नोंदवायची. तिचं नावच 'कॉस्ट' आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात रुग्णांच्या आणि न्यायालयांच्या नोंदी जुळवून पाहिल्या, तेव्हा कॅन्सर झालेल्यांत दिवाळखोरीचं प्रमाण कॅन्सर नसलेल्यांच्या २.६५ पट निघालं. हा अभ्यास २०१३ चा. त्यातही वयाने तरुण असलेल्यांची अवस्था ज्येष्ठांपेक्षा वाईट होती. पुढे २०१६ मध्ये त्याच गटाने दाखवलं की दिवाळखोरीत गेलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोकाही जास्त होता. म्हणजे पैशाची चिंता ही उपचारांच्या बाहेरची गोष्ट आहे असं समजायचं कारण नाही.

तरुणांना जास्त फटका का बसतो ते आम्हाला रोज दिसतं. पन्नाशीतल्या माणसाकडे थोडीफार शिल्लक असते, नोकरीत जुनेपणा असतो, रजा साठलेली असते. विशीतल्या मुलाची नोकरी नवी असते, कधी कायमसुद्धा झालेली नसते. शिक्षणकर्ज डोक्यावर असतं. आईवडिलांच्या विम्यात नाव असेल तर ठरावीक वयानंतर ते गळतं, आणि नेमकं ते वय उपचारांच्या मधोमध येतं. बालरोग विभागात मिळणाऱ्या अनेक मदती १८ नंतर थांबतात, प्रौढांच्या विभागातल्या मदती घर चालवणाऱ्या माणसाला धरून आखलेल्या असतात. हा मुलगा दोन्हींच्या मधे राहतो. कॅन्सरच्या अभ्यासात १५ ते ३९ हा स्वतंत्र वयोगट मानतात. त्यामागे आजाराची वेगळी वैशिष्ट्यं आहेतच, पण आयुष्यातलं हे अडनिडं वळणही आहे.

आता अबोलीताईंच्या भावाच्या तपासणीबद्दल. मेन्टेनन्सच्या गोळ्या आणि रक्ततपासणी या जोडगोळीत एकही सोडण्यासारखी नाही. तपासणीवरूनच गोळ्यांचा डोस कमीजास्त करतात. आणि गोळ्यांबद्दल अभ्यास अगदी स्पष्ट आहे : याच ल्युकेमियाच्या मुलांमध्ये मर्कॅप्टोप्युरिन या मेन्टेनन्समधल्या रोजच्या औषधाच्या ठरलेल्या गोळ्यांपैकी ९५ टक्क्यांहून कमी गोळ्या पोटात गेल्या, तर आजार उलटण्याचा धोका दुपटीहून जास्त होता. ९५ टक्के म्हणजे महिन्यात दोन गोळ्या राहिल्या की रेषेच्या खाली. त्याला हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. वाचवण्यासारखा खर्च दुसरीकडे असतो.

कुठे? डॉक्टरांना थेट विचारा. रक्त घराजवळ देऊन अहवाल पाठवला तर चालेल का? ही भेट फोनवर होईल का? दोन तपासण्या एकाच दिवशी बसतील का? याच औषधाचं जेनेरिक चालेल का? भरती न करता डे केअरमध्ये हे इंजेक्शन देता येईल का? यातल्या काहींना नाही म्हणतील, काहींना सहज हो म्हणतील. डॉक्टरांना तुमचा प्रवास किती लांबचा आहे हे कित्येकदा माहीतच नसतं. घरचे लोक विचारत नाहीत, कारण त्यांना भीती वाटते की पैशाचं काढलं तर हलके उपचार देतील. माझा इतक्या वर्षांचा अनुभव उलट आहे. ज्यांनी लवकर सांगितलं त्यांच्यासाठी आम्हाला काही करता आलं. बरेच लोक आमच्याकडे येतात तेव्हा दागिने विकून झालेले असतात, जास्त व्याजाचं कर्ज घेऊन झालेलं असतं.

आणि हो, पहिल्याच आठवड्यात येणारा एक खर्च कोणी बोलत नाही : पुढे मूल होण्याची शक्यता जपण्याचा. काही केमोमुळे ती जाऊ शकते. शुक्राणू गोठवणं एक-दोन दिवसांत होतं, बीजांडं गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात आणि खर्चही कितीतरी जास्त. वर साठवणुकीचं वार्षिक शुल्क. निदानाच्या धक्क्यात असलेल्या मुलीला हा निर्णय काही दिवसांत घ्यायचा असतो आणि घरात पैशावर बोलायची सवय नसेल तर तो निर्णय तिच्यावतीने कोणीतरी परस्पर घेऊन टाकतं. हे मी पाहिलंय आणि त्याचा मला फार त्रास होतो.

पायवाट

ओंजळताई, शेवटच्या परिच्छेदासाठी मनापासून धन्यवाद. मला कोणी विचारलं नव्हतं.

आकडेमोड

कर्जखात्यात नोकरी केली आहे, त्यामुळे त्या बाजूचं सांगतो. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे, पण काही गोष्टी सगळीकडे लागू पडतात.

हप्ता चुकण्याआधी कळवा. चुकल्यावर कळवणं आणि आधी कळवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आधी कळवलं, सोबत डॉक्टरांचा कागद जोडला, तर हप्ते पुढे ढकलणं किंवा मुदत वाढवणं यावर बोलता येतं. मात्र लेखी विचारून घ्या की त्या काळात व्याज चालू राहणार का. बहुतेक वेळा चालूच राहतं आणि मुद्दलात मिळतं. सवलत मिळाली म्हणून निर्धास्त होऊ नका. शिक्षणकर्जाला आजारपणासाठी काही वेगळी तरतूद असते का, हेही विचारा.

विमा असेल तर काहीही झालं तरी त्याचा हप्ता चुकवू नका. घरखर्चात कपात करताना हा हप्ता लोकांच्या नजरेत येतो, कारण तो एकदम मोठा जातो. कॅन्सरचं निदान झाल्यावर बंद पडलेला विमा पुन्हा घ्यायला गेलात तर मिळणं महाकठीण. आणि दावा नाकारला गेला तर तो शेवटचा शब्द नसतो. नाकारण्याचं कारण लेखी मागा, डॉक्टरांचं पत्र जोडून फेरविचाराचा अर्ज करा. दुसऱ्या फेरीत मंजूर झालेले दावे मी पाहिले आहेत.

आईवडिलांची म्हातारपणाची शिल्लक सगळ्यात आधी मोडली जाते, कारण ती हाताशी असते आणि कोणाला विचारावं लागत नाही. ती शक्य तितकी शेवटी ठेवा. मुलगा बरा होईल, कमावेल. आईवडिलांना ती शिल्लक पुन्हा साठवायला वर्षं उरत नाहीत. आणि हा निर्णय मुलाच्या माघारी घेतला तर बरं झाल्यावर त्याला कळतो, तेव्हा त्या मुलाची काय अवस्था होते हे मी माझ्या टेबलासमोर बसलेल्या एका तरुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. त्यामुळे सांगावं की नाही यावर माझं मत : सांगावं, आणि निर्णयात घ्यावं.

अबोली

सगळ्यांचे आभार. काल ओंजळताईंचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ९५ टक्क्यांच्या भागाशी ती थांबली आणि परत वाच म्हणाली.

आता आणखी एक विचारते. काही नातेवाईक म्हणतात की ऑनलाइन मदतीचं आवाहन करा, फोटो टाका, लोक देतात. आम्हाला गरज आहे हे खरं. पण भावाला विचारल्याशिवाय मी हे करणार नाही, आणि विचारायचं म्हणजे आकडा सांगावाच लागणार. कोणी केलंय का?

मोरपीस

माझ्यासाठी केलं होतं, तेव्हा मी १९ ची होते. मला विचारलं नव्हतं.

पैसे आले, त्यांनी खरंच आधार मिळाला आणि देणाऱ्या प्रत्येकाबद्दल मला कृतज्ञता आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचून गैरसमज नको. पण त्या पानावर माझं पूर्ण नाव, कॅन्सरचा प्रकार, टप्पा, टक्कल पडलेला आणि नाकात नळी असलेला फोटो होता. फोटो मी झोपेत असताना काढलेला. आज माझं नाव शोधलं की तो अजून येतो. नोकरीसाठी अर्ज केला की समोरच्याने तो पाहिला असेल का, हा विचार मुलाखतीला जाताना डोक्यात असतोच. आजाराबद्दल कोणाला कधी सांगायचं हे माझं मला ठरवता आलं असतं, ते माझ्या हातून गेलं.

करायचं असेल तर भावाला शेजारी बसवून मजकूर लिहा. पूर्ण नाव न देताही चालतं. फोटो त्याच्या पसंतीचा, आजाराआधीचा असला तरी हरकत नाही. किती रक्कम, कशासाठी, उरली तर काय करणार हे स्पष्ट लिहा. शक्य असेल तर पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातील असं बघा. आणि काम झालं की पान काढून टाकता येईल का हे सुरू करण्याआधी तपासा.

दुसरं असं की या मार्गाने सगळ्यांना सारखं मिळत नाही. ज्याच्या ओळखीपाळखी मोठ्या, ज्याला नीट लिहिता येतं, त्याला जास्त मिळतं. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मुलाचं पान महिनाभर तसंच पडून होतं आणि तो रोज उघडून बघायचा. म्हणून मदत संस्थांकडे रीतसर अर्ज करणं आधी, हे नंतर.

आकडेमोड

मोरपीस, फार मोलाचं लिहिलंत. पुढे एवढंच जोडतो : आवाहन टाकलं की मदत मिळवून देतो, आधी थोडं शुल्क भरा म्हणणारे फोन येतात. हमखास बरं करणारं औषध विकणारेही येतात. कोणालाही आगाऊ पैसे देऊ नका.

उंबरठा

उपचार संपले की खर्च संपतो असा समज असतो, त्याबद्दल थोडं. माझे उपचार संपून बरीच वर्षं झाली.

डॉक्सोरुबिसिनसारख्या केमोच्या औषधांचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून मला ठरावीक काळाने इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करावी लागते, ती जन्मभर. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने काही मुलांचं ऐकू येणं कमी होतं, त्यांना श्रवणयंत्र लागतं आणि ते दर काही वर्षांनी बदलावं लागतं. रातराणीताईंच्या लेकीसारख्या वाढत्या वयातल्या मुलांना बसवलेला सांधा पुढे लांबवावा किंवा बदलावा लागू शकतो. हे सगळं तेव्हा येतं जेव्हा मदत करणारे लोक आपापल्या कामाला लागलेले असतात आणि सगळ्यांच्या लेखी तुम्ही बरे झालेले असता.

आणि मग कर्ज आणि विमा. मी कमावता आहे, हप्ता भरू शकतो, तरी अर्जावर 'पूर्वी गंभीर आजार झाला होता का' या ओळीशी येऊन अडकतो. यावर काही देशांनी कायदा केलाय हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. फ्रान्सने २०१६ मध्ये ठरवलं की उपचार संपून ठरावीक वर्षं झाली आणि आजार परतला नाही, तर कर्जाशी जोडलेल्या विम्यासाठी तो आजार सांगण्याची गरजच नाही. आधी ही मुदत प्रौढांसाठी १० वर्षं होती, २०२२ मध्ये ती ५ वर आणली. बेल्जियम, नेदरलँड्स, स्पेन, इटली यांनीही असे कायदे केले आहेत. हे सगळीकडे व्हायला हवं. ज्या आजारातून माणूस वयाच्या विशीत बाहेर पडला, त्याची शिक्षा त्याला चाळिशीत घर घेताना का?

अबोलीताई, भावाचे सगळे कागद आत्तापासून जपा : कोणतं औषध एकूण किती मात्रेत दिलं, रेडिएशन दिलं का, कुठे, किती. उपचार संपताना हॉस्पिटलकडून एकत्रित सारांश मागून घ्या. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला आणि विमावाल्याला तो लागतो, आणि नसला की तपासण्या परत करायला लावतात.

सोनसळी

भावंडांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्या दादाला कॅन्सर झाला तेव्हा मी दहावीत होते. मलाही काही सांगितलं नव्हतं. सहलीचे पैसे मागितले नाहीत, चष्म्याचा नंबर वाढलाय हे सांगितलं नाही, वर्षभर पहिल्या बाकावर बसून काढलं. दादाच्या खोलीचं दार बंद असायचं आणि आत तो, बाहेर मी, दोघंही एकच गोष्ट करत होतो हे आम्हाला खूप नंतर कळलं.

अबोलीताई, तुम्ही वही ठेवता, कपाट सांभाळता, आईला वाचून दाखवता. तुमच्या नोकरीचं, पैशाचं काय चाललंय ते तुम्ही लिहिलंच नाही. तेही घरात बोला.

रातराणी

सगळं वाचलं. लहान मुलांना कर्जाचं सांगू नये हे माझं मत कायम आहे. पण नीलकमळताईंच्या प्रतिसादानंतर मी लेकीला विचारलं, आता ती १६ ची आहे, की तुला तेव्हा काही कळत होतं का. ती म्हणाली, "तू बांगड्या घालायची थांबलीस ते दिसलं होतं." मला कधी वाटलंही नव्हतं की ती बघत असेल.

ओंजळताई, मग या वयाच्या मुलांना नेमकं सांगायचं काय आणि किती? ते सांगाल का?

ओंजळ

रातराणीताई, वयाप्रमाणे वेगळं. १०-१२ वर्षांच्या मुलाला आकडा नको. त्याला जे दिसतंय तेवढ्याचं खरं उत्तर हवं : हो, आपण काही गोष्टी सध्या घेत नाही, कारण औषधांना पैसे लागतात. औषधांचे पैसे आहेत. हे तुझ्यामुळे झालेलं नाही. शेवटचं वाक्य न विचारताही म्हणायचं, कारण ही शंका मुलं तोंडाने बोलत नाहीत. १४-१५ च्या पुढे त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं टाळाटाळ न करता उत्तर द्यायचं आणि छोट्या निर्णयांत मत घ्यायचं. १८ च्या पुढे वही समोर ठेवायची. मात्र औषध, तपासणी आणि ताप या तीन गोष्टी कोणत्याही वयात चर्चेला नसतात, त्यांचे पैसे बाजूला काढलेले आहेत हे आधी सांगून मगच बाकीचं.

आणि बोलायची वेळ बघा. केमोच्या आठवड्यात नको, स्टेरॉइड चालू असताना मनाचे चढउतार असतात तेव्हाही शक्यतो नको. थोडा थोडा वेळ, दोन-तीन बैठकांत. एकदाच सगळं ओतायचं नाही.

हेही लक्षात असू द्या की सगळ्या घरांना हिशेब करायची संधीसुद्धा मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना आणि किशोरवयीनांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत ३० टक्क्यांहून कमी. निदानाला उशीर, औषधं न मिळणं अशी कारणं आहेतच, पण मधेच उपचार सोडणं हेही एक मोठं कारण आहे, आणि सोडण्यामागे पुष्कळदा पैसा असतो. औषध फुकट मिळत असतानाही उपचार सुटतात, कारण येण्याजाण्याला आणि बुडालेल्या मजुरीला कोणी पैसे देत नाही. म्हणून कोणी मदत कशी करू विचारलं तर मी सांगते, प्रवास आणि राहण्याची सोय बघा. मोठ्या रकमेची वाट बघत बसू नका.

अबोली

काल रात्री बसलो. आई, बाबा, मी आणि तो. वही त्याच्या हातात दिली. आईने आधी औषध-तपासणी-तापाचं वाक्य म्हटलं, ओंजळताईंनी लिहिलंय जवळजवळ तसंच. तो बराच वेळ पानं उलटत होता. मग म्हणाला, मला वाटलं होतं यापेक्षा जास्त असेल. पायवाटताई, तुमचीच गोष्ट.

भांडणही झालं. बाबांच्या म्हातारपणाच्या शिल्लकेतून मोठी रक्कम आधीच काढली गेली आहे हे त्याला तिथे कळलं आणि तो चिडला, दार लावून बसला. सकाळी त्याने स्वतःहून शिक्षणकर्जासाठी पत्राचा मसुदा लिहून मला दाखवला. ऑनलाइन आवाहनाला तो सध्या नाही म्हणालाय, संस्थांचे अर्ज तोच भरणार आहे. माझ्या नोकरीचंही निघालं, सोनसळी. त्यावर अजून ठरायचंय.

परवा डॉक्टरांची भेट आहे. रक्त घराजवळ द्यायचं विचारणार आहोत. आकडेमोडदादा, कर्जाच्या पत्रासोबत डॉक्टरांच्या कागदावर नेमकं काय लिहून घ्यायचं?

आकडेमोड

आजाराचं नाव, उपचार कधी सुरू झाले, अंदाजे कधीपर्यंत चालतील, आणि त्या काळात तो पूर्णवेळ शिक्षण किंवा नोकरी करू शकणार नाही हे एक वाक्य. शेवटचं वाक्य नसलं तर अर्ज अडकतो. तारीख, सही, शिक्का बघून घ्या, आणि पत्र दिल्याची पोच घेतल्याशिवाय निघू नका. मसुदा व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवा, आज रात्री वाचून देतो.